कुशाबाईच्या दुधातलं पाणी

१

मंगळवारी संध्याकाळी टँकर परत आला आणि बुधवारी दुपारपर्यंत आमच्या टेकवाडीचा ओढा नासला. सतराशे लिटर दूध. मंचरकडच्या प्लॅन्टने तपासलं, त्यात युरिया सापडला, दूध परत पाठवलं. आमच्या डेअरीच्या शहाण्यांनी ते खड्डा काढून पुरायचं सोडून सरळ ओढ्यात सोडलं. ऑगस्टमधलं दमट ऊन, वर पांढरी साय, सायीवर माशा, आणि घरात जेवायला बसलं तरी ताटात येणारा तो आंबूस, कुजका वास. माझी बायको द्रौपदा दोन घास खाऊन उठली. मीही उठलो.

त्याच वासात कुशाबाई आणि तिची मुलगी हर्षाली माझ्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. कुशाबाई खालच्या बौद्ध वस्तीवरची. वस्तीतली बाकीची माणसं नोकरीत नाहीतर गवंडीकामात. डेअरीला दूध घालणारं तिचं एकच घर. तीन गाई, सगळं हातानं करते.

"भाऊ, डेअरीत माजा कोड नंबर बंद केला," ती म्हणाली. "मशीन म्हनतं माज्या दुधात पानी हाय. म्हनून युरियाबी मीच टाकला म्हनं."

"किती दिवस येतंय पाणी?"

"बारा दिवसांत अकरा येळा."

हर्षाली ओतूरच्या कॉलेजात शिकते. ती आईसारखी हळू बोलत नाही. "काका, रविवारी मीटिंग आहे. आईचं नाव सभासदांतून काढणार आणि भेसळीचा अर्ज पोलिसांत देणार. तुम्ही कॉम्प्युटरमधलं जाणता. एकदा बघा तरी."

मी खोडदच्या रेडिओ दुर्बिणींवर एकतीस वर्षं होतो. शास्त्रज्ञ वगैरे नाही. आकाशातून आलेली माहिती कॉम्प्युटरात नीट उतरते का, एवढं बघणारा टेक्निशियन. निवृत्त होऊन दोन गाई घेतल्या, त्यामुळे मीही त्याच डेअरीचा सभासद. वाडीत कुणाचा मोबाइल अडकला की मला बोलावतात, तेवढीच माझी कीर्ती.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की बाईनं घातलं असेल पाणी. तो विचार किती पटकन आला, याची मला आता किळस येते.

२

डेअरी म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. केंद्र फक्त सकाळी उघडतं, पण मी दुपारी गेलो तेव्हाही फरशी चिकट होती आणि कोपऱ्यात गुटख्याच्या पिंका होत्या. माणसं पोटात घेणार ते दूध या खोलीत मोजलं जातं.

सचिव अमृत खुर्चीत बसून मोबाइलवर रील बघत होता. तिशीतला पोरगा, गोड बोलणारा, कुणालाही नाही न म्हणणारा. मशीन त्याच्यामागे. एका मोठ्या प्लॅन्टने मोडीत काढलेलं ते जुनं यंत्र आमच्या चेअरमननी फार मिरवत आणलं होतं. त्याला स्वतःचा पडदा नाही. सॅम्पल लावलं की यंत्र दुधातून किरण सोडतं, ती माहिती कॉम्प्युटरात बसवलेल्या एका कार्डातून आत येते, आणि फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग, आणि पाणी हे आकडे कॉम्प्युटरवरच दिसतात.

"मशीन खोटं बोलतं का तात्या?" अमृत हसला. "बाकी छप्पन्न जणांचं बरोबर, आन एकटीचंच चुकतं व्हय?"

प्रश्न बिनतोड होता.

तेवढ्यात चेअरमन बाळासाहेब आले. पांढरं स्वच्छ कापड, अत्तर. प्लॅन्टकडून सलग चार वर्षं 'सर्वाधिक दूध घालणारा शेतकरी' म्हणून बक्षीस घेतानाचे त्यांचे फोटो भिंतीवर ओळीने लावलेले आहेत. याच उन्हाळ्यात त्यांच्या गोठ्यातल्या सहा गाई लंपीनं गेल्या. अंगावर गाठी फुटून गेलेली ती जनावरं ट्रॅक्टरला बांधून ओढत नेली, तेव्हा अख्ख्या वाडीनं नाकाला पदर लावला होता.

"चांगदेवराव, तपासा की," ते म्हणाले. "मीटिंगपर्यंत रोज तिचं दूध मशीनला लावू. घेनार न्हाई, पन लावू. उगा अन्याय झाला आसं कुनी म्हनायला नको. आमी काय जातपात मानत न्हाई."

कुणी काही विचारलेलं नसताना ते हे शेवटचं वाक्य बोलले. मग अमृतनं चहा मागवला. हल्ली सगळ्यांना कागदी कपात चहा येतो, त्यामुळे कुणाला वेगळा कप ठेवायची आठवण काढावी लागत नाही. सगळ्यांचीच सोय झाली.

३

गुरुवारी पहाटे मी कुशाबाईच्या गोठ्यात जाऊन बसलो. माझ्या गोठ्यापेक्षा स्वच्छ. तिनं माझ्यासमोर धार काढली, किटली भरली, झाकण मी लावलं आणि झाकणावरून तार ओवून तिला पीळ दिला. वाटेत कुणी हात लावला तर कळावं म्हणून.

"इतक्या लवकर निघू नका," ती म्हणाली. "सातनंतर जाऊ."

"का?"

तिनं शेणाची पाटी उचलली. मला माहीत होतं का ते. वरच्या आळीची माणसं सहाला रांग लावतात. शेवटी चेअरमनची जीप येते, तिला रांग नसते. जीपचे चार कॅन मोजून झाले की मग कुशाबाई. असा काही नियम कुठे लिहिलेला नाही. तिची सासूसुद्धा शेवटीच थांबायची. मी निवृत्त झाल्यापासून रोज त्या रांगेत उभा राहिलो आणि मला त्यात कधी काही दिसलं नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी बाळासाहेबांची जीप रिकामी झाली. कुशाबाई दारात आली. अमृत खुर्चीतून उठला, मागच्या बटणांच्या बोर्डाशी काहीतरी करून परत बसला. मी तार स्वतः कापली, झाकण काढलं, सॅम्पलची बाटली माझ्या हातानं भरली, मशीनला लावली. तोवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

पडद्यावर आकडे आले. फॅट २.६, एसएनएफ ७.२, पाणी १७.

"बगा," अमृत म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला खरोखरच दुःख ऐकू आलं.

कुशाबाईनं किटलीला झाकण लावलं आणि ओढ्याकडच्या वाटेनं चालायला लागली. ते दूध माझ्या डोळ्यांसमोर गाईच्या आचळातून आलं होतं.

४

एखादी गोष्ट अशक्य असेल तर आपण तिच्याकडे चुकीच्या बाजूनं बघतोय, एवढं मला खोडदनं शिकवलं. शुक्रवारी मी वेगळं केलं. कुशाबाईचंच दूध माझ्या किटलीत ओतून घेतलं आणि साडेसहाला वरच्या आळीच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या कोडवर सॅम्पल लावलं.

फॅट ४.४, एसएनएफ ८.८, पाणी शून्य.

"तात्या, गाई काय खातात तुमच्या? लई भारी!" अमृत म्हणाला.

दूध तेच होतं. मशीन तेच होतं. मी घातलं तर अस्सल, तिनं घातलं तर पाणी. यंत्राला माणसाची जात कळत नाही, असं मी आयुष्यभर मानत आलो होतो. त्या सकाळी हातातली किटली मला जड वाटायला लागली.

अमृत आकडे बदलतोय, हा साधा संशय उरला. पण गुरुवारी मी त्याच्या खांद्याशी उभा होतो. त्यानं एकही कळ दाबली नव्हती.

मी त्याच्याकडून ऑगस्ट महिन्याच्या नोंदी मागितल्या. त्यानं छापून दिल्या, तेही लगेच. चोर इतक्या खुशीत कागद देत नाही.

५

यादी कोड नंबरप्रमाणे लावलेली होती. एक नंबरला बाळासाहेब, सत्तावन्नला कुशाबाई. मी दुपारभर ओट्यावर बसलो. ओढ्याचा वास येतच होता. द्रौपदानं उदबत्ती लावली, दोन्ही वास मिसळले, तशी मी ती विझवली.

कुशाबाईचे सहा ऑगस्टपर्यंतचे आकडे उत्तम होते. सातपासून घसरले. सात ते अठरा, बारा दिवस, त्यातले अकरा वाईट. चौदा तारखेला तेवढं दूध पुन्हा चांगलं झालं. ४.१, ८.५६. असं एका दिवसापुरतं पाणी घालायचं कोण थांबवतं?

तो ८.५६ मी कुठेतरी पाहिला होता. कोड नंबर चव्वेचाळीसवर गेलो. चव्वेचाळीस म्हणजे मीच. चौदा ऑगस्ट, ४.१, ८.५६. अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत माझंच दूध तिच्या नावावर होतं.

"द्रौपदा, चौदा तारखेला आपण डेअरीला कधी गेलो होतो?"

"तुमीच उशिरा उठला व्हतात. सातला गेलात. त्या दिवशी चेअरमन नव्हते. त्यांच्या भाच्याच्या साखरपुड्याला नाशिककडं गेले व्हते."

मग मी कात्री घेतली. यादीच्या पट्ट्या कापल्या आणि कोडप्रमाणे न ठेवता वेळेप्रमाणे एकाखाली एक लावल्या. चौदा तारखेला तिच्या अगोदर मी होतो, आणि तिच्या नावावर माझे आकडे आले. म्हणजे तिचं दूध मशीननं मोजलंच नव्हतं. पडद्यावर अगोदरच्याच माणसाचे आकडे पुन्हा उमटले होते.

पण मग बाकीचे अकरा दिवस? त्या सगळ्या दिवसांत तिच्या अगोदर बाळासाहेब होते. त्यांच्या नावापुढचे आकडे तर सुंदर. रोज ४.०, रोज ८.६. पाणी शून्य. तिच्या २.६ शी त्याचा काही संबंध नाही.

मी चष्मा पुसला आणि बाळासाहेबांच्या नोंदी पुन्हा बघितल्या. प्रत्येक आकड्यापुढे एक बारीक 'एम' होता. तो दुसऱ्या कुणाच्याच नोंदीपुढे नव्हता.

६

आमच्या डेअरीचा कॉम्प्युटर आळेफाट्याचा समाधान बघतो. गॅरेजच्या रांगेत त्याचं दुकान आहे. बाहेर ट्रकचं काळं ऑइल, आत उघडे पडलेले कॉम्प्युटर. शनिवारी सकाळी मी एसटीनं गेलो.

"सहा ऑगस्टला काय केलंस तिथं?"

"रॅम वाढवली काका. चेअरमननी चार कॅमेरे लावले बिबट्यासाठी, त्यानं कॉम्प्युटर लई स्लो झालता. चार जीबी व्हती, सोळा केली. आता पळतोय का न्हाई?"

"'एम' म्हणजे काय?"

"मॅन्युअल. हातानं टाकलेला आकडा. लाइट कमी-जास्त होऊन मशीननं भलताच आकडा दावला तर लागतो. पन आधी सॅम्पल लावावंच लागतं, त्याशिवाय प्रोग्रॅम हातानं काय टाकू देत न्हाई."

म्हणजे बाळासाहेबांचं दूध मशीन रोज खरोखर मोजत होतं. मोजून झालं की अमृत तो आकडा पुसून हातानं चांगला लिहीत होता.

समाधानच्या लॅपटॉपवरून डेअरीच्या कॉम्प्युटरची आतली डायरी उघडता येते. मशीनला काही अडचण आली की तो स्वतःच तिथं वेळेसकट लिहून ठेवतो, कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. सात ऑगस्टपासून रोज एकच तक्रार. दुधाच्या कार्डानं जागा मागितली, मधली जागा भरलेली होती, मिळाली नाही. वेळ सात बारा, सात चौदा, सात अकरा.

समाधानला कळेना. मी त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

कॉम्प्युटरची स्मरणशक्ती म्हणजे नंबर टाकलेल्या खोल्यांची ओळ. जुन्या कार्डाला ठरावीक आकड्यापर्यंतचेच नंबर लिहिता येतात. चार जीबीच्या पुढच्या खोलीचा पत्ताच त्याला उच्चारता येत नाही. रॅम चार होती तोवर सगळ्या खोल्या त्याच्या आवाक्यात होत्या. सोळा झाल्यावर प्रोग्रॅमला खोली मिळाली लांब, वरच्या नंबरची. मग कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम काय करते, आवाक्यातली थोडी जागा राखून ठेवते. कार्डानं माल तिथं उतरवायचा, सिस्टिम तो उचलून वरच्या खोलीत नेऊन ठेवते. ही मधली जागा लहान असते. दुसऱ्या एखाद्या जुन्या कार्डानं ती भरून टाकली तर दुधाच्या कार्डाला नकार मिळतो. अशा वेळी प्रोग्रॅमनं 'मोजता आलं नाही' असं सांगायला हवं. आपला मोडीतला प्रोग्रॅम विचारतच नाही. त्याच्या खोलीत जे पडलेलं असतं तेच दाखवतो, आणि तिथं पडलेले असतात अगोदरच्या माणसाचे आकडे.

"दुसरं जुनं कार्ड कुठलं?" मी विचारलं.

"कॅमेऱ्याचं," समाधान म्हणाला. "पन काका, कॅमेरे तर रात्री चालू आसतात, बिबट्यासाठी. सकाळी सहाला डेअरी उघडली की अमृत बंद करतो. सात बाराला कॅमेरे कोन कशाला लावील?"

गुरुवारी खुर्चीतून उठून मागच्या बोर्डाशी गेलेला अमृत मला आठवला. समाधाननं मागवलेला चहा तसाच ठेवून मी एसटी गाठली.

७

मी परत आलो तेव्हा अमृत डेअरीत एकटाच फरशीवर पाणी मारत होता. मी दार लोटून घेतलं.

"सकाळी सातनंतर कॅमेऱ्याचं बटण कोण दाबतं?"

त्यानं पाइप खाली ठेवला. "मीच. चेअरमन म्हनले व्हते."

"कशासाठी?"

"ती येती ना तवा." तो फरशीकडे बघत होता. "त्यांचं म्हननं, खालच्या वस्तीचं मानूस आत आलं की ध्यान ठेव. काय उचलंल, काय हात लावंल. ती गेली की बंद करायचे."

"छप्पन्न माणसं येऊन जातात तेव्हा कॅमेरे बंद. आणि एका बाईसाठी चारही चालू?"

"तात्या, मी काय करनार? मी नोकर मानूस."

मला त्याला मारावंसं वाटलं. पण ती माझीही डेअरी होती. तिच्यासाठी कॅमेरे लावले म्हणून मधली जागा भरली. मधली जागा भरली म्हणून तिचं दूध मोजलं गेलं नाही. तिच्यावर नजर ठेवली, त्या नजरेनंच तिला चोर केलं.

"आणि चेअरमनचे आकडे हातानं का लिहितोस?"

अमृत रडायला लागला. गाई गेल्या, पण बाळासाहेबांचे लिटर कमी झाले नव्हते. पाचव्या वर्षाचा फोटो भिंतीवर लावायचा होता. रोज पाणी, आणि प्लॅन्टला पाणी कळू नये म्हणून युरिया. ते कळलं तेव्हा त्यानं 'एम' लावायला सुरुवात केली. त्या दुधाचे खरे आकडे त्यानं रोज पुसले. पण प्रोग्रॅमच्या खोलीत ते तसेच पडून राहिले, आणि पुढच्याच मिनिटाला कुशाबाईच्या नावावर जात राहिले. तिच्या नोंदीत अकरा दिवस बाळासाहेबांचं दूध लिहिलं गेलं होतं.

"हे तुला माहीत होतं?"

"तिच्या नावावर कसं येतं ते न्हाई म्हाईत. देवाशप्पत. तिनंबी घातलं आसंल आसंच वाटलं मला." मग तो हळूच म्हणाला, "मीटिंगमधी माजं नाव घेऊ नका तात्या."

८

रविवारी सकाळी सातला मीटिंग. माझ्या सांगण्यावरून त्या दिवशी दूध मोजायचं थांबवलं होतं, सगळ्यांच्या किटल्या अंगणात रांगेनं, बाळासाहेबांची जीप दाराशी. कुशाबाई आणि हर्षाली भिंतीला टेकून उभ्या. दहा-बारा खुर्च्या रिकाम्या होत्या, पण कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही, मशीन जुळवण्यात होतो. हे मला त्या दिवशी घरी गेल्यावर सुचलं.

मी बादलीतलं साधं पाणी माझ्या कोडवर लावलं. पडद्यावर फॅट शून्य, पाणी शंभर. मग अमृतला कॅमेऱ्याचं बटण दाबायला लावलं आणि कुशाबाईचं दूध लावलं. पडद्यावर फॅट शून्य, पाणी शंभर. अंगणात कुजबुज झाली. पांढरंशुभ्र दूध सगळ्यांसमोर बाटलीत होतं.

"आता कॅमेरे बंद कर." तेच दूध पुन्हा लावलं. ४.५, ८.८, पाणी शून्य.

मी सगळं समजावलं. कार्डाचा आवाका, मधली जागा, रॅम, बटण. बटण कुणासाठी दाबलं जायचं, तेही. मग पट्ट्या दाखवल्या, आणि 'एम'. पण मी बोलता बोलता माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो, आणि मला दिसलं की त्यांना सुटका मिळालीय. माझ्याच बोलण्यातून.

गेणभाऊ, वाडीतले सगळ्यांत जुने सभासद, उठले. "म्हंजे दोष मशीनचा. संपलं. बाई सुटली. ब्येस झालं. चेअरमनचंबी मशीननं चुकीचंच दाखवलं आसंल, म्हनून अमृतनं हातानं लिवलं. कुनाचाच दोष न्हाई. नारळ आना, बाईचा सत्कार करू आन दूध घ्यायला सुरुवात करू. ऊन चढतंय."

टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या. बाळासाहेबांनीही वाजवल्या. मला शिसारी आली. एकतीस वर्षं मी यंत्रांचे दोष शोधले, पण आपल्या घाणीवर टाकायला माणसांना यंत्राचं झाकण इतकं सोयीचं पडतं हे मला ठाऊक नव्हतं.

"सत्कार नगं," कुशाबाई म्हणाली.

टाळ्या थांबल्या. ती भिंतीपासून पुढे आली.

"आता कॅमेरे बंद हायेत. मशीन बरुबर हाय, भाऊंनी दावलं. चेरमनसायेब, तुमचं दूध भाईर जीपमधी हाय. लावा."

बाळासाहेब हसले. "अगं बाई, आता काय—"

"लावा की."

बाळासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. मग ते बाहेर गेले. कॅन आणायला गेले असं आम्हाला वाटलं. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, ती मागे सरकली, वळली आणि निमगाव सावाच्या रस्त्याला लागली. मागे चारही कॅन एकमेकांवर आपटत होते.

गेणभाऊ बसले. माणसं खाली बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या मावशी, झालं गेलं. समजलं ना सगळ्यांना."

"मला समजून काय करायचं?" कुशाबाई अमृतपुढे जाऊन उभी राहिली. "ती अकरा दिवसांची नोंद माज्या नावावर हाय. माजी न्हाई ती. ज्याची हाय त्याच्या नावावर लिव."

"असं करता येत न्हाई कॉम्प्युटरमधी," अमृत पुटपुटला. "एकाचं दुसऱ्याच्या कोडवर..."

"रोज करत होतास," हर्षाली म्हणाली. "मॅन्युअल."

अमृतनं माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटरसमोरून बाजूला झालो. तो खुर्चीत बसला. सात ऑगस्ट, कोड एक. ४.० पुसलं, २.७ टाकलं. पाणी १६. कुशाबाईला इंग्रजी आकडे वाचता येतात, एवढंही आम्हाला माहीत नव्हतं. ती त्याच्या खांद्यावरून बघत होती आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होती. अमृत टाकायचा, ती वाचायची, मग पुढची तारीख. चौदा तारखेला ती थांबली.

"ह्यो भाऊंचा हाय. त्यो काढून टाक. माज्या त्या दिवसाच्या दुधाचं काय, ते तुमाला कुनालाच म्हाईत न्हाई. तितं 'मोजलं न्हाई' आसं लिव."

अमृतनं लिहिलं. अंगणात दूध तापत होतं. कुणाच्या तरी किटलीत ते फाटायला लागलं असणार, आंबूस वास येत होता. मला वाटलं, लवकर आटपलं तर बरं, माझंही दूध बाहेर उन्हात आहे. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी जागेवरून हललो नाही. बाकीचेही हलले नाहीत, कारण दारात हर्षाली उभी होती.

अठरा ऑगस्ट. अकरावी नोंद. अमृतनं हात मागे घेतले.

कुशाबाईनं भिंतीजवळची किटली उचलली आणि मशीनच्या टेबलावर ठेवली.

"आता माजं मोज," ती म्हणाली.